फुलीची जागा

जुनं मशीन संकष्टीच्या दिवशी गेलं.
पडदा निळा झाला, मग काळा,
मग आतला पंखाही थांबला.
बारा वर्षं त्याच्यासमोर बसले होते मी
खानापुरात, स्टेशन रोडला:
झेरॉक्स, लग्नपत्रिका, जमिनीचे उतारे.
उजव्या वरच्या कोपऱ्यात फुली,
खाली डावीकडं चार काचांची खिडकी.
लाइट गेल्यावर काडेपेटी सापडावी
तसं सगळं हाताला सापडायचं.

भरमानं दोन दिवसांत दोन सोयी केल्या.
बेळगावात खडेबाजारात एक फोटो स्टुडिओ बंद पडला,
तिथला मॅक आणला हप्त्यानं.
पांढरा, पाठ ताठ,
बदली होऊन आलेल्या हेडबाईंसारखा.
आणि जुन्याच डब्यात नवी डिस्क बसवून
लिनक्स घालून दिलं.
'फुकटचं हाय आक्का, पण नेक हाय.
पासवर्ड सारखा विचारतंय, तेवढं सोस.'

मॅकवर फुली डावीकडं.
फुली पण नव्हे, लाल टिकली,
शेजारी पिवळी, हिरवी.
कंट्रोलचं काम करंगळीकडं असायचं,
इथं ते अंगठ्याकडं.
करंगळी जाते, रिकामी परत येते,
नाडकचेरीला सुट्टी आहे
हे तिथं जाऊन कळावं तशी.

खोटं कशाला बोलू, जुनंही काही गुणाचं नव्हतं.
मुहूर्ताच्या आदल्या रात्री
तीनशे पत्रिका अर्ध्यावर असताना
'अपडेट चालू आहे, बंद करू नका'
म्हणून गप्प बसायचं.
लिनक्स तसं करत नाही,
पण प्रिंटरला ओळख देत नाही.
मॅक ओळख देतो,
फक्त माझ्या जुन्या फाइली उघडल्या
की चि. सौ. कां. च्या जागी डॉलर, टक्के, उलटं प्रश्नचिन्ह.
बारा वर्षांतली लग्नं,
आणि एकाही नवरीचं नाव लागत नाही.

टाइपरायटरची बटणं लिनक्सवर मिळेनात.
इनस्क्रिप्ट शीक, म्हणाला भरमा.
त्रेचाळिसाव्या वर्षी मी
क कुठं ठेवलाय, ते चाचपत बसले.
दुपारी गिऱ्हाईक नसताना
गावांची नावं लिहायची:
लोंढा, नंदगड, जांबोटी, कणकुंबी.

त्यात एका संध्याकाळी
बाळेकुंद्र्यांची पत्रिका घेतली
आणि कुठलंसं बटण चुकून दाबलं गेलं.
बोटं मराठी लिहीत होती,
पडद्यावर कानडी उमटत होतं.
ब च्या जागी त्यांचा ब,
ळ शिफ्ट धरून तिथंच.
मला कानडी वाचता येतं, एसटीच्या बोर्डाएवढं.
तेवढ्यावर वाचलं: बाळेकुंद्री.
कुणी न शिकवता
माझ्याच दहा बोटांनी लिहिलेलं.

पत्रिकेची कानडी बाजू
नंदगडचे निंगाप्पा मास्तर करून द्यायचे,
पत्रिकेमागं चाळीस रुपये.
त्यांना दाखवलं.
चष्मा वर सारून बराच वेळ बघत राहिले.
'ळ सरी अदे, अक्का. कडेचं दीर्घ चुकलंय.'
आणि आपला चहाचा कप
कीबोर्डपासून लांब सरकवला.
आता ते चाळीस रुपये
करण्याचे की तपासण्याचे,
हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

काल पंचायतीत गेले होते.
तिथं अजून खिडकीवालंच मशीन.
अर्ज भरला, बंद करायला हात
आपसूक डावीकडं गेला.
तिथं नुसता कोपरा.
शिपाई म्हणाला, 'काय शोधूलीस गे?'
काही नाही, म्हटलं.
फुली उजवीकडं होती,
पहिल्यापासून होती तिथंच.
मी जरा थांबले,
मग तिकडं गेले.